बावन्नातून सत्तावीस गेले, राहिले पस्तीस

चौथीतल्या एका मुलीचा, वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीचा गणिताचा पेपर काही केल्या डोक्यातून जात नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी शाळा. खिडकीबाहेर मागांचा खटखटाट, आत व्हरांड्यातून येणारा खिचडीचा वास आणि टेबलावर तपासून झालेल्या पेपरांची चळत. वरच्याच पेपरात उभी मांडलेली वजाबाकी होती, बावन्न वजा सत्तावीस. मुलीनं खाली अगदी सुबक अक्षरात ३५ लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती. पान उलटलं की शाब्दिक उदाहरण. साठ रुपयांपैकी चौतीस रुपयांची वही घेतली, किती उरले? तिथं त्याच मुलीनं नुसतंच ‘२६ रु.’ लिहून टाकलेलं. उत्तर बरोबर, पण रीत दाखवली नाही म्हणून अर्धेच गुण. एकाच हातानं, एकाच तासात, एकाच कागदावर केलेल्या दोन वजाबाक्या. मग या मुलीला हातच्याची वजाबाकी येते की येत नाही? गुणांच्या रकान्यात या प्रश्नाचं उत्तर कुठंच नाही. कागदावर मात्र ते अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे.

३५ हे उत्तर अंदाजानं आलेलं नाही. एककाच्या घरात वर दोन, खाली सात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलीनं सातातून दोन वजा केले, पाच. दशकात पाचातून दोन, तीन. तिनं एक नियम पाळला आहे, तोही न चुकता: मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. पहिली-दुसरीत बिनहातच्याच्या वजाबाक्या करताना हा नियम प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देतो, म्हणून तो पक्का बसतो. मोडतो तो हातचा आल्यावर, आणि तेव्हा मोडला हे मुलीला कळत नाही, कारण पेपरावर फक्त फुली येते. पैशांच्या उदाहरणात तिनं मांडणी केलीच नाही. चौतीसपासून पुढं चाळीसपर्यंत सहा, मग साठपर्यंत वीस, असं मोजलं असणार. तोच नियम लावला असता तर उत्तर ३४ आलं असतं, २६ नव्हे. म्हणजे वजाबाकीचा अर्थ तिला कळतो. दशक सुटा करायची कृती तिच्या हातात बसलेली नाही. अशा मुलीला आणखी पन्नास वजाबाक्या सोडवायला दिल्या तर ती पन्नास वेळा चुकीचाच नियम घोटणार. तिला हव्यात आइस्क्रीमच्या काड्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या, आणि एक गठ्ठा सोडून बारा सुट्या झालेल्या तिनं स्वतःच्या हातांनी पाहायच्या. लगेच शेजारी तेच पाटीवर मांडायचं. काड्या सोमवारी आणि पाटी गुरुवारी, असं केलं तर दोन्हींचा संबंध तुटतो.

आता चारशे तीन वजा एकशे अठ्ठावन्न घ्या. बरोबर उत्तर २४५. चुकलेल्या पेपरांत पुन्हा पुन्हा दोन उत्तरं सापडतात, ३५५ आणि ३४५. पहिलं उत्तर त्याच ‘मोठ्यातून लहान’ नियमाचं. दुसरं एकदम वेगळ्या मुलाचं. त्याला हातचा घ्यायचा असतो हे माहीत आहे, तीनचे तेरा त्यानं बरोबर केले, शून्याचे नऊही केले, पण ज्या चारकडून घेतलं तिथं तीन करायचं राहून गेलं. पहिल्या मुलाला काड्यांपासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्याला नोटा पुरतात: शंभराच्या चार, दहाची एकही नाही, एक रुपयाची तीन नाणी, शंभराची एक मोडल्याशिवाय दहाची नोट येणार कुठून? दहा मिनिटांचं काम. मागावर चादर विणताना एकच दोष ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा दिसू लागला की कारागीर माग थांबवून दोषाचं मूळ शोधतो. या उत्तरांचंही तसंच आहे. पण शंभरापैकी किती मिळाले एवढंच पाहणाऱ्याला ३५५ आणि ३४५ सारखेच दिसतात.

दोन्हींना शून्य.

प्राथमिक शाळेच्या वर्षाकडे पाहिलं तर चाचण्यांना तोटा नाही. जून उलटला की पायाभूत, दिवाळीच्या आगेमागे संकलित एक, एप्रिलात संकलित दोन. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आणि तीत ३५ टक्क्यांची अट. शिवाय शिष्यवृत्ती. शिवाय कधीतरी येणारं, मुलांना किती येतं ते देशभर तपासणारं राष्ट्रीय सर्वेक्षण. प्रश्नपत्रिका छापून येतात, गठ्ठे मोजून घ्यायचे, पट जास्त असेल तर कमी पडलेल्या प्रती झेरॉक्स करायच्या, तपासायचं, आणि मग शिक्षण विभागाच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर गुण भरायचे. हे भरणं बहुतेक ठिकाणी संध्याकाळी घरी होतं, कारण दिवसा सगळेच भरतात आणि सगळंच अडकतं. कुणाचं नाव ऑनलाइन यादीत दिसत नाही, कुणी दुसऱ्या शाळेत गेला तरी अजून इथंच दिसतो, कुणाच्या जन्मतारखेची गडबड. केंद्रप्रमुखांच्या गटावर कुठल्या शाळेचं किती टक्के भरून झालं त्याची यादी पडते. या सगळ्या धावपळीत शिक्षकाचं लक्ष ‘भरलं का’ इथंच अडकतं, आणि पेपर गठ्ठ्यात बांधून कपाटात जातात. त्या पेपरांत वर्षभराच्या शिकवण्याचा नकाशा असतो. तो बांधून ठेवला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

सोलापुरात या नकाशात एक गोष्ट इतर जिल्ह्यांपेक्षा ठळक दिसते, ती म्हणजे संख्यावाचन. मराठीत सत्तावीस म्हणताना आधी सात ऐकू येतात, मग वीस. लिहायचं मात्र उलटं, आधी दोन मग सात. पूर्व भागात ज्या घरात तेलुगू बोलतात तिथं मूल ‘इरवै एडु’ ऐकतं: वीस आणि सात, लिहितात त्याच क्रमानं. अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘इप्पत्तेळु’, तेही वीस मग सात. उर्दू घरातलं ‘सत्ताईस’ मराठीसारखंच. एकाच बाकावर तीन मुलं बसलेली असतात आणि बाईंनी ‘सत्तावीस’ म्हटलं की तिघांच्या डोक्यात वेगवेगळं काम सुरू होतं. श्रुतलेखनात ७२ लिहिणारं मूल ‘कच्चं’ नसतं. त्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं. त्याहून अवघड ‘एकोण’वाल्या संख्या. एकोणतीस ऐकलं की ‘तीस’ कानात राहतो आणि वहीत ३९ किंवा ३१ उमटतं. तेलुगूत ‘इरवै तोम्मिदि’, वीस आणि नऊ. तिथं तीसचा संबंधच येत नाही. त्यात एकोणनव्वद म्हणायचं आणि नव्व्याण्णवला मात्र एकोणशंभर म्हणायचं नाही, हे मराठी घरातल्या मुलालाही पाठच करावं लागतं.

हे शोधायला छापील चाचणी पुरत नाही, पण पाच मिनिटं पुरतात. दहा संख्या सांगायच्या: २७, ७२, २९, ३९, ४९, ६७, ७६, ८९, ५०, ९९. आणि उत्तराकडे नव्हे, हाताकडे बघायचं. काही मुलं सात आधी लिहितात, डावीकडे जागा सोडून, आणि मग त्या जागेत दोन बसवतात. उत्तर बरोबरच येतं, गुण पूर्ण मिळतात, आणि अडचण लपून राहते. ती उघडी पडते तीन अंकी संख्यांत. तीनशे सत्तावीस म्हटलं की मूल तीन लिहितं, जागा सोडतं, सात लिहितं आणि मधल्या जागेत दोन घालतं. घाईत जागा सोडायची राहिली की ३७२. तेच पुढं बेरीज-वजाबाकीत शिरतं आणि चाचणीत ‘वजाबाकी येत नाही’ म्हणून नोंदलं जातं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात नेहमीच्या वाचनासोबत ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. भाषेवर प्रेम असणाऱ्यांचा राग समजण्यासारखा होता. मलाही ‘सत्तावीस’ जायला नको आहे. पण साखर पेठेतल्या किंवा विडी घरकुलातल्या तिसरीच्या वर्गात आठवडाभर दोन्ही नावं शेजारी शेजारी म्हणून घेतली, ‘सत्तावीस म्हणजे वीस आणि सात’, तर उलटं लिहिणं किती लवकर कमी होतं हे ज्यांनी पाहिलंय ते त्या वादात पडत नाहीत.

भाषेच्या पेपरातही असंच. ‘लिंग ओळखा’ या प्रश्नात खुर्ची, टेबल, कपाट, चादर. तेलुगू आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेद नसतो; चादर स्त्रीलिंगी का, याला त्या मुलाच्या घरी काही आधारच नाही. मराठी घरातलं मूल ‘ती चादर’ हे ऐकून आलेलं असतं, त्याला तो प्रश्न फुकटचे गुण देतो. आणि सोलापूरचं मराठी घर तरी कुठं पुस्तकातलं मराठी बोलतं? ‘काय करलालास बे’ असं दिवसभर ऐकणाऱ्या पोराला ‘करत आहेस’ हे लिहायचं रूप म्हणून वेगळं शिकवावंच लागतं, आणि ते त्याच्या बोलीला न हसता शिकवावं लागतं. एकदा वर्गात हशा पिकला की ते मूल तोंडी चाचणीत तोंड उघडत नाही.

उताऱ्यावरच्या प्रश्नांत फसगत उलट दिशेनं होते. ‘नदीकाठी कोण राहत होते?’ असा प्रश्न असेल तर वाचता न येणारं मूलही तो सोडवू शकतं. ‘नदीकाठी’ हा शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंतचं वाक्य उतरवून काढायचं. अक्षरांचा आकार जुळवला, अर्थाशी देणंघेणं नाही. पेपर तपासताना याच्या दोन खुणा दिसतात. उत्तरात प्रश्नाला नको असलेला भागही जसाच्या तसा उतरतो, आणि ‘का’ व ‘कसे’चे प्रश्न रिकामे राहतात किंवा तिथंही एखादं वाक्य तसंच डकवलेलं असतं. ‘गोष्टीला नाव द्या’ याला पहिल्या ओळीतले पहिले दोन शब्द. अशा मुलाला वीसपैकी दहा-अकरा सहज मिळतात आणि तो ‘मध्यम’ गटात जातो. त्याला खरं तर अक्षरओळखीपासून मदत हवी आहे, आणि ती त्याला मध्यम गटात कधीच मिळणार नाही.

म्हणून तोंडी चाचणी. ती नीट घेतली तर लेखीपेक्षा जास्त सांगते, पण नीट घेणं अवघड आहे. पस्तीस मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे एका विषयाला जवळजवळ तीन तास, तेही उरलेल्या चौतीस जणांना काहीतरी देऊन बसवल्यावर. आणि सगळ्यांना एकच उतारा असेल तर दहाव्या मुलापर्यंत तो वर्गाला पाठ झालेला असतो. तेव्हा तीन वेगवेगळे उतारे ठेवावेत, मुलाला व्हरांड्याच्या टोकाला, बाकीच्यांकडे पाठ करून बसवावं, आणि शंका आली तर शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगावं. पाठांतर तिथंच उघडं पडतं. २००५ पासून गावागावांत घरी जाऊन होणाऱ्या ‘असर’च्या पाहणीची एक रीत इथं कामाची आहे. सुरुवात अक्षरांपासून करत नाहीत, सोप्या परिच्छेदापासून करतात. तो अडखळत न वाचता, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर गोष्ट द्यायची. नाही जमला तर मुलानं निवडलेले पाच शब्द, त्यातले चार बरोबर हवेत. तेही नाही तर पाच अक्षरं. वजाबाकी दोन दोन घ्यायच्या आणि दोन्ही बरोबर आल्या तरच ‘येते’ म्हणायचं. एका वजाबाकीत नशीब लागतं. शेवटी, वाचून झाल्यावर कागद काढून घेऊन ‘काय झालं त्या गोष्टीत?’ एवढं विचारायचं, आणि मूल तेलुगूत किंवा उर्दूत सांगत असेल तर सांगू द्यायचं. वाचलेलं कळलंय का हे बघायचं आहे, मराठी बोलता येतं का हे नव्हे. दोन्ही वेगळ्या नोंदी आहेत.

चाचणीच्या तयारीतून जन्मलेल्या चुकाही असतात, आणि त्या मला सगळ्यात जास्त छळतात. ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे भागाकार’ अशी यादी कित्येक वर्गांच्या भिंतीवर रंगवलेली असते. हेतू चांगलाच आहे, चाचणीच्या आधी मुलांना काहीतरी हाताशी द्यायचं. मग पेपरात येतं: ‘एकूण ३२ चादरी होत्या. काही विकल्या. १४ उरल्या. किती विकल्या?’ मूल ‘एकूण’ बघतं आणि ४६ लिहितं. बत्तीस चादरींतून सेहेचाळीस कशा विकल्या, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही, कारण त्याला उदाहरण वाचायला नाही, शब्द हेरायला शिकवलंय. ज्या वर्गात यादी नाही तिथं चुका वेगवेगळ्या दिसतात. जिथं यादी आहे तिथं निम्मा वर्ग एकच चूक करतो. निम्म्या वर्गाचं उत्तर ४६ आलं तर ती चूक मुलांची नाही. यावर उपाय साधा आहे, जरासा वेळखाऊ: आकडे झाकून उदाहरण सांगायला लावायचं. ‘काही चादरी होत्या, काही विकल्या, काही उरल्या.’ एवढं सांगता आलं की आकडे उघडायचे.

आता टक्केवारीकडे येऊ. वाड्यावस्त्यांवरच्या झेडपी शाळांत चौथीचा पट आठ असणं नवलाचं नाही. समजा तीसपैकी गुण असे पडले: २४, २२, २१, १९, १८, १६, ९, ७. बेरीज १३६, सरासरी १७. आता नऊ आणि सातवाली दोन मुलं त्या दिवशी आलीच नाहीत. बेरीज १२०, मुलं सहा, सरासरी २०. शाळा सत्तावन्नवरून सदुसष्ट टक्क्यांवर गेली आणि कुणी काहीही शिकलेलं नाही. उलटही तितकंच खरं. मेहनती शिक्षकानं घरी जाऊन त्या दोघांना चाचणीला बसवलं, तर त्याच्याच शाळेची टक्केवारी घसरते. गेल्या वर्षीच्या चौथीशी यंदाच्या चौथीची तुलना तर त्याहून पोकळ, ती मुलंच वेगळी. आठच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. ‘शाळेचा निकाल दहा टक्क्यांनी सुधारला’ या वाक्यात पुष्कळदा एका मुलाहूनही कमी फरक असतो.

आणि गैरहजेरी आपल्याकडे मनमानी नसते, तिला कारणं असतात. शहरात काही दिवसांआड पाणी येतं; पाण्याच्या दिवशी घागरी धरायला घरात कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी बहुधा मोठी मुलगी. ‘पाणी आलतं बाई’ हे कारण हजेरीच्या वहीत लिहीत नाहीत, पण सगळ्यांना माहीत असतं. विड्यांची मजुरी हजारावर. माल द्यायचा दिवस जवळ आला की पानं कापायला लहान हातही लागतात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, आषाढीला पालखीमार्गावरच्या शाळांत वारकऱ्यांचा मुक्काम. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांची मुलं कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत येतात, काहींच्या हातात नव्या शाळेत प्रवेश मिळवून देणारं शिक्षण हमी कार्ड असतं, काहींच्या नसतं, आणि मार्चमध्ये ती परत जातात. अशा मुलाची पायाभूत एका जिल्ह्यात, संकलित एक झालीच तर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि संकलित दोनच्या वेळी ते कुठल्या पटावर आहे यावर वाद. शिकण्यात सर्वांत मागे पडायची भीती ज्या मुलांना, तीच चाचणीच्या दिवशी वर्गात नसण्याची शक्यता सर्वांत जास्त.

पायाभूत आणि संकलित दोनच्या तुलनेबद्दलही जपून बोलावं. पायाभूत घेताना मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीतून आलेली, बरंच विसरलेली, हवा मात्र थंड. संकलित दोन एप्रिलात, पारा चाळिशीच्या पुढं, सकाळची शाळा असली तरी पत्र्याच्या खोलीत दहानंतर कागदाला घामाचे हात चिकटतात. शेवटचे प्रश्न रिकामे सुटण्याचं प्रमाण तिथं वाढलेलं दिसलं, तर ते न येण्यामुळं की न झेपण्यामुळं हे पेपरावरून ओळखता येतं. न येणारा प्रश्न मधेच सुटतो, न झेपणारे ओळीनं शेवटचे सुटतात. आणखी एक गोष्ट, सांगायला संकोच वाटतो पण सांगायला हवी. वर्षाच्या सुरुवातीचे गुण कमी आणि शेवटचे जास्त दिसावेत अशी इच्छा व्यवस्थेत सगळ्यांनाच असते. कुणी खोटे गुण घालतं असं नाही. पण जुलैत काटेकोर तपासणारा हात एप्रिलात आपोआप मऊ होतो. ते टाळायचं तर शेजारच्या दोन शाळांनी पेपर अदलाबदल करून तपासावेत, किंवा निदान दोन्ही वेळची पाच-पाच उत्तरं समोरासमोर ठेवून बघावीत. जिथं होतं तिथं फरक पडलाय.

राष्ट्रीय सर्वेक्षणाबद्दल गैरसमज मात्र गावोगाव आहे. १३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१ आणि ४ डिसेंबर २०२४ या दिवशी झालेली सर्वेक्षणं काही निवडक शाळांत झाली आणि त्यांतून जिल्ह्याचं चित्र काढलं गेलं. ‘आपल्या शाळेचं किती आलं?’ या प्रश्नाला त्यात उत्तरच नाही. आधीच्या दोन्हींत तिसरी आणि पाचवी होती. २०२४ ला तिसरी, सहावी, नववी. म्हणजे पाचवीची पुढची तुलनाही तिथंच थांबली. तरी सर्वेक्षणाआधी महिनाभर सराव पेपर सोडवून घेण्याची लाट येते. चार पर्यायी प्रश्नांबद्दल एक हिशेब प्रत्येकाला माहीत असावा: ज्याला काहीच येत नाही त्यालाही अंदाजानं पंचवीस टक्के मिळतात. त्यामुळं पन्नास टक्के बरोबर म्हणजे अर्धं येतं असं नव्हे. एक तृतीयांश खरोखर येत असेल आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत चौथा हिस्सा नशिबानं जुळला, तरी बेरीज पन्नासच होते.

शिष्यवृत्तीची गोष्ट वेगळी. तिथं मूल स्वतःहून, निदान पालकांच्या इच्छेनं, उतरलेलं असतं. चौकाचौकात लागणारे यशस्वी मुलांचे फ्लेक्स, शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहिलेली जुनी नावं. या परीक्षेचा आपल्याकडे मान आहे आणि तो असावा. एका पेपरला पंच्याहत्तर प्रश्न, नव्वद मिनिटं, दीडशे गुण. म्हणजे प्रश्नाला बहात्तर सेकंद, त्यात उत्तरपत्रिकेवरचा गोल रंगवायचा वेळही आला. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात चाळीस टक्के, म्हणजे साठ गुण. नुसत्या अंदाजानं अठरा-एकोणीस प्रश्न जुळले तर अडतीसच्या आसपास, तेव्हा इथं अंदाज तारत नाही. पण चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही गोल रिकामा ठेवू नये. सगळ्यात मोठा घात होतो तो ओळ सरकल्यानं. सतरावा प्रश्न अवघड म्हणून सोडला आणि अठराव्याचं उत्तर सतराव्या ओळीत भरलं, की तिथून पुढं सगळं एकानं सरकतं. हुशार मुलाचा पहिला पेपर अचानक वीस गुणांनी पडला तर आधी हेच तपासावं: त्याची उत्तरं एका ओळीनं खाली सरकवून उत्तरसूचीशी जुळवायची. सवय लावायची ती साधी: डाव्या हाताचं बोट प्रश्न क्रमांकावर, सोडलेल्या प्रश्नाला प्रश्नपत्रिकेत खूण, आणि प्रत्येक दहा प्रश्नांनंतर क्रमांक जुळतोय का ते बघायचं. सगळी उत्तरं प्रश्नपत्रिकेत खुणावून शेवटच्या दहा मिनिटांत गोल रंगवायचे, हे शिकवू नये. दहा वर्षांच्या हाताला पंच्याहत्तर गोल नीट रंगवायला तेवढा वेळ पुरत नाही. ही परीक्षा आधी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. एक वर्षानं लहान हातांसाठी गोलांचा सराव एक वर्ष आधी, तिसरीच्या अखेरीलाच, महिन्यातून एकदा पंधरा प्रश्नांचा ठेवला तरी पुरे. त्याहून जास्त ठेवला तर तिसरीचं वाचन मागे पडेल, आणि ते मागे पडलेलं पुढं कुठल्याच सरावानं भरून निघत नाही.

बाकी वर्षभराच्या चाचण्यांसाठी शिक्षकाला मोठं काही करावं लागत नाही. एक दोनशे पानी वही, प्रत्येक प्रश्नाला एक पान. पेपर तपासताना चुकीचं उत्तर जसं आहे तसं लिहायचं आणि समोर मुलांचे हजेरी क्रमांक. पस्तीस पेपरांना साधारण तासभर जास्त लागतो. ज्या उत्तरासमोर पाच-सहा क्रमांक जमतील त्यांना एकत्र बसवून पंधरा मिनिटं, सलग तीन दिवस. एकेकटा क्रमांक असेल तिथं मुलाला जवळ बोलावून ‘हे कसं काढलंस ते सांग’ एवढंच. दोन आठवड्यांनी आकडे बदलून तसेच दोन प्रश्न. चाचणीच्या आठवड्यात न आलेल्यांची नावं पहिल्याच पानावर, आणि ती मुलं आली त्या दिवशी त्यांचा पेपर, मग चॅटबॉटची मुदत संपलेली असली तरी. पालकसभेला येणाऱ्या आयांनाही सांगावं की ‘किती पडले’ विचारून झालं की पेपर बघायला मागा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही मागावा, आणि मुलीलाच तो समजावून सांगायला लावावं, घरच्या भाषेत, बाईंच्या समोर.